तंगूस, तांबं आणि तात्यांची गिटार

आमच्या दुकानावर ‘वाद्यदुरुस्ती’ अशी ठसठशीत पाटी होती, तरी पाटीखाली उभं राहून माणसं मलाच विचारायची, “दुरुस्ती कोण करतं?” मी म्हणायची, “मीच.” मग ती एकदा माझ्या पाठीमागे डोकावून बघायची, आत कुणी बाप्या बसलाय का म्हणून. आत कुणीच नसायचं. लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं, स्टोव्ह आणि उघडलेल्या पेट्या, एवढंच. मग नाइलाजानं पेटी खाली ठेवायची आणि जाताना दहा सूचना देऊन जायची. पुढच्या वेळी तीच माणसं बाकीच्या गावाला माझा पत्ता सांगायची, त्यामुळे मी कधी मनाला लावून घेतलं नाही.

दुकान बारामतीत, इंदापूर रोडला. दोन गाळे शेजारी शेजारी. एकात मी आणि माझ्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम. दुसऱ्यात आमचे दिलावरमियाँ आणि त्यांच्या जळालेल्या मोटारी. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की तिच्यातली काळी पडलेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची, हा त्यांचा धंदा. उन्हाळ्यात त्यांच्या दारात शेतकऱ्यांची रांग लागायची आणि प्रत्येकाचा ऊस त्याच दिवशी वाळणार असायचा. माझ्या दारात गर्दी व्हायची ती श्रावणाच्या तोंडावर. तेव्हा गावोगावच्या भजनी मंडळांना अचानक आठवायचं की आपली पेटी गेल्या वर्षीपासून बंद आहे.

पेटीचं काम मी अब्बांकडून शिकले. भावाला हिशेबाची आवड होती, मला लाकडाच्या वासाची. अब्बा म्हणायचे, दुरुस्ती हाताची नसते, कानाची असते. पण आमच्या रस्त्यावर कान कुठून लावणार? उसाचे ट्रॅक्टर, एमआयडीसीला निघालेल्या मोटारसायकली, एस. टी. आणि शेजारून दिलावरमियाँचा ग्राइंडर. त्यावर अब्बांची एक युक्ती होती. ते डोळे मिटून हनुवटी पेटीच्या लाकडावर टेकवायचे आणि मग सूर दाबायचे. बाहेर कितीही गोंगाट असू दे, लाकडातून आवाज थेट डोक्यात येतो. कुठली पट्टी सैल आहे, कुठं वारा फुटतोय, सगळं हाडाला कळतं. मीही आयुष्यभर तसंच केलं. नवखं गिऱ्हाईक घाबरायचं, बाईला झोप आली की काय म्हणून.

गंमत अशी की आमचे मियाँही हेच करतात. मोटार चालू करून स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. बेअरिंग खरखरतंय का ते त्यांना तिथं कळतं. लग्नानंतर हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आपलं जमेल या माणसाशी, असं वाटलं होतं. जमलंही.

गिऱ्हाइकं एकेक नमुन्याची. भिगवणकडच्या एका मंडळाचे बुवा पेटी घेऊन आले आणि म्हणाले, “भाभी, ही पेटी लई दमती. एक अभंग झाला की धापा टाकती.” उघडून बघते तर भात्यात उंदरानं संसार थाटलेला, ज्वारीच्या साठ्यासकट. बँडमधले एक क्लॅरिनेटवाले तर मला चोर ठरवायला निघाले होते. क्लॅरिनेट दोनदा दुरुस्त करून दिलं तरी बेसूर वाजतंय म्हणून भांडायला आले. मी म्हटलं, माझ्यासमोर वाजवा. त्यांनी तोंड उघडलं आणि मला नवी कोरी कवळी दिसली. क्लॅरिनेट होतं तसंच होतं, दात बदलले होते. हे त्यांना कसं सांगायचं या विचारात माझा अख्खा चहा निवला.

पण या अंकाच्या संपादकांनी ‘एक तरी लक्षात राहिलेलं काम’ लिहायला सांगितलंय. तसं म्हटलं तर मला कळंबच्या दशरथतात्यांची गिटारच आठवते. दुकान बंद करायच्या आदल्या वर्षी आली ती. आणि ती साधी गिटारही नव्हती.

पिकअप दारात थांबली. मागच्या बाजूला चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आडवं ठेवलेलं. मला वाटलं कुणी आजारी माणूस आणलाय आणि दवाखाना चुकलाय. एक बाई उतरल्या, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. मागून एक उंच, वाकलेले म्हातारे, चादरीतल्या वस्तूला दोन्ही हातांनी सांभाळत.

“गिटार हाय,” बाई म्हणाल्या. “ह्यांची. नीट व्हईल का बघा.” मग नवऱ्याकडे वळून एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारचा ग्राइंडर थांबला, “खाली ठिवाऽऽ!”

“व्हय,” तात्या म्हणाले आणि गिटार छातीशी धरून तसेच उभे राहिले.

मी चादर काढली. गिटारी मी पाहिल्या होत्या, दोन-चार दुरुस्तही केल्या होत्या. ही त्यांची थोरली होती. पोट भलंमोठं, मान लांब, आणि तारा फक्त चार. तिला बेस गिटार म्हणतात. गाण्याची चाल बाकीची वाद्यं वाजवतात, ही खालून जमीन धरून ठेवते. वाजत असताना कुणाचं तिच्याकडे लक्ष नसतं, थांबली की गाणं पोकळ लागतं. बहुतेक बेस गिटारी विजेवर चालतात. ही मात्र विजेशिवायची होती, म्हणून तर पोट एवढं मोठं.

त्याचं कारण तात्यांनी सांगितलं. तरुणपणी ते इकडच्या एका ऑर्केस्ट्रात होते. दिवसा उसाला पाणी, संध्याकाळी जत्रेत गाणी. पण त्या काळी गावात वीज कधी जाईल याचा नेम नसायचा. वीज गेली की बाकीच्यांचं वाजत राहायचं आणि यांची गिटार मुकी व्हायची. म्हणून पुण्यातल्या एका गोवेकर सुताराकडून त्यांनी ही खास बनवून घेतली. “बत्ती गुल झाली तरी माझी बाई गायची,” तात्या म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं तशी घाईनं म्हणाले, “गिटार. गिटार म्हणतोय मी.”

पुढे ऑर्केस्ट्रा मोडला, गिटार माळ्यावर गेली. मग मधेच केव्हातरी तात्यांना हुक्की आली. जुन्या तारा गंजून तुटल्या होत्या, नव्या मिळेनात. तर त्यांनी काय करावं? मोटारसायकलच्या क्लचच्या वायरी लावल्या! आणि खुंट्या पिळून आवाज काढायला बघितला. क्लचची वायर कशाला हार मानते? गिटारीनंच मानली. पोट आत बसलं, तारा टेकतात ती घोडी एका बाजूनं उखडली, मान पुढे झुकली आणि पाठीला भेग पडली. मग ट्रॅक्टरच्या पत्र्याचे खड्डे बुजवायची लांबी असते ना, ती त्या भेगेत भरली आणि वरून ट्रॅक्टरचाच लाल रंग.

“हे कुणी केलं?” मी विचारलं.

“व्हय,” तात्या म्हणाले.

“त्यास्नी ऐकू येत न्हाय,” हिराकाकू म्हणाल्या. तोवर बाईंचं नाव मला कळलं होतं. “बारीक हुतं तवापास्नं कान वाहायचं. आता तर पार गेलं. मशीन आणलं, तर कान पुन्हा वाहाया लागला. ते पडलंय देव्हाऱ्याखाली. काय बी इचारा, व्हय म्हणत्यात. च्या पाहिजे का? व्हय. च्या नको का? व्हय. लाइट गेली का? व्हय. मी म्हटलं, मी माहेरी जाऊ का कायमची? त्याला बी व्हय!”

आम्ही दोघी हसलो. तात्याही हसले, आम्ही हसतोय म्हणून. मग काकूंचं हसू थांबलं आणि त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “ओरडून काय बोलता येतं सांगा? जेवा, झोपा, मोटार बंद करा. चार वरसं झाली, ह्यापलीकडं आमी काय बोललोच न्हाय. ओरडून बोलायच्या गोष्टी संपल्या की माणूस गपच व्हतो की.”

गिटार कशाला दुरुस्त करायची, हे विचारायची मला सोय राहिली नाही. पण त्यांनीच सांगितलं. तात्यांच्या डोक्यात बसलं होतं की बाकी सगळं गेलं तरी हिचा आवाज आपल्याला येईल. जाड आवाज आहे, छातीवर आदळतो. माणसांचे आवाज गेले तर गेले, एवढा एक तरी राहू दे. काकूंना ते पटलं नव्हतं. “पर न्हाय म्हणायचं तरी कसं?” त्या म्हणाल्या. “तेवढंच म्हणून मागितलंय त्यांनी.”

मी काम घेतलं. घेताना जरा घाबरलेच होते.

सुरुवात क्लचच्या वायरी ढिल्या करण्यापासून. एकदम सोडल्या तर ताणलेलं लाकूड उलटं फुटायचं, म्हणून रोज थोड्या थोड्या. मग लाल रंग खरवडला, लांबी टोकरून काढली. पाठ उघडायला कोमट पाण्याचं फडकं आणि तापवलेली पातळ सुरी लागते. जुन्या कारागिरानं सरसानं चिकटवलेलं असलं तर ते ऊब आणि ओल लागली की सोडतं. ही सोडत गेली तसतसा मला त्या गोवेकराबद्दल आदर वाटत गेला. उद्या कुणालातरी हे उघडावं लागेल, याचा विचार करून काम करणारी माणसं आता फार दिसत नाहीत. आत कुंभारमाशीनं मातीची घरं बांधलेली. ती खरवडताना दिलावरमियाँ दारात येऊन म्हणाले, “या घरांचं भाडं मागितलंस का?”

आतल्या आधाराच्या पट्ट्या सुटल्या होत्या, त्या परत चिकटवल्या. बसलेलं पोट वर आणायला ते ओलसर ऊब देऊन पालथं घालायचं आणि वर वजन ठेवायचं. योग्य आकाराचं वजन माझ्याकडे नव्हतं. मियाँकडे होतं. मोटारीचा गाभा काढून टाकला की पत्र्याच्या चकत्यांचं जे जड कडं उरतं, ते बरोबर त्या पोटात मावलं. आठवडाभर त्या नाजूक लाकडावर शेतातल्या जळक्या मोटारी बसून राहिल्या. पाठीच्या भेगेला एका मेलेल्या पेटीतलं सागवान कापून बसवलं.

खरी अडचण तारांची. पुण्याहून मागवता आल्या असत्या, पण त्या पोलादाच्या. त्यांचा ताण दांडगा. म्हाताऱ्या लाकडानं तो सोसला नसता, पुन्हा पोट बसलं असतं. मला नरम तार हवी होती, आणि खालच्या सुरासाठी जडही हवी होती. नरम आणि जड, दोन्ही एकदम. दोन दिवस मी त्यावर चिडचिड केली. मग बाजारातून मासे आणले ते भिगवणचे. निवडता निवडता एका माशाच्या जबड्यात गळ निघाला, मागे हातभर तंगूस लोंबत होता. तंगूस म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा. मी तो बोटांत ताणून छेडला आणि हात धुवायचंही विसरून शेजारच्या गाळ्यात गेले.

“याच्यावर तांबं गुंडाळून द्याल?”

मियाँनी आधी माझ्याकडे बघितलं, मग नाक मुरडलं. “हे काय, मोटारीला आता कालवणाचा वास द्यायचा का?”

पण माणूस गुंडाळण्यातला. आव्हान दिलं की झोप लागत नाही त्यांना. भिगवणहून सगळ्यात जाड तंगूस आणला. वरच्या दोन तारा नुसत्या तंगुसाच्या केल्या. खालच्या दोन तारांवर मोटारीची तांब्याची तार, पदराला पदर चिकटून, हातयंत्रावर गुंडाळली. पहिली तार लावली, खुंटी पिळली आणि तासाभरात सगळे वेढे सैल होऊन फिरायला लागले. तंगूस ताणला गेला होता, तांबं तिथंच राहिलं होतं. मियाँना ते जिव्हारी लागलं. त्यांच्या हातची गुंडाळी सैल झाल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि दोनदा बोलूनही दाखवलं. मग त्यांनीच तोड काढली. तंगूस आधी पत्र्याच्या आढ्याला टांगायचा, खाली मोटारीचा गाभा लटकवायचा. त्याला काय ताणायचं ते ताणून घेऊ दे. ताणून दमला की मग तांबं चढवायचं. दोन गाळ्यांच्या मधे ते लोंबतं वजन बघून माणसं विचारायची, हे काय नवीन? मियाँ गंभीरपणे सांगायचे, “गाणं वाळत घातलंय.”

तार बसली. मी अंगठ्यानं छेडली. दुकानातल्या काचेच्या बरण्या हलक्याशा थरथरल्या. खोल, गोल, दमदार आवाज. इतका चांगला आवाज माझ्या हातून पूर्वी कधी निघाला नव्हता, हे मी सरळ कबूल करते. मियाँ ग्राइंडर बंद करून दारात उभे राहिले. त्यांचं कौतुक असंच असतं.

तात्या आणि काकू आले तेव्हा भर दुपार होती. तात्यांनी धोतराला हात पुसले. गिटार मांडीवर घेतली. तारांवरून बोट फिरवलं, तांब्याला हात लावून बघितलं, माझ्याकडे बघून मान डोलावली. बोटं जाड झाली होती, नखांत माती होती, पण बसली बरोबर जागेवर. त्यांनी छेडलं. बरण्या थरथरल्या. रस्त्यावरचा एक उसाचा रस विकणारा वळून बघायला लागला.

तात्या थांबले. पुन्हा छेडलं, जोरात. मग आमच्याकडे बघितलं, एकेकीच्या तोंडाकडे.

“वाजतंय का?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी आणखी एकदा छेडलं, तळवा गिटारीच्या पोटावर ठेवून बघितला, आणि हळूच म्हणाले, “हाताला लागतंय. ऐकाया येत न्हाय.” मग लगेच आम्हाला बरं वाटावं म्हणून हसले, “पर झाली झकास! व्हय?” काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मला इतकं वाईट वाटलं की काय करावं ते सुचेना. आणि काही सुचेनासं झालं की मी काम करते. एका वेढ्याची बारीक खरखर येतेय की काय, असा मला सकाळपासून संशय होता. मी तात्यांच्या मांडीवरच्या गिटारीपुढे बसले, डोळे मिटले, हनुवटी तिच्या कडेला टेकवली आणि तार छेडली. खरखर नव्हती. डोळे उघडले तर तात्या माझ्याकडे टक लावून बघत होते.

“भाभी, ही काय तऱ्हा?”

शब्दांनी सांगण्यात अर्थ नव्हता. मी त्यांच्या हनुवटीला बोट लावलं, मग गिटारीच्या वरच्या कडेला. ते वाकले. हनुवटी लाकडावर टेकवली. छेडलं.

तात्या उडालेच. गिटार निसटता निसटता वाचली. पुन्हा हनुवटी टेकवली, पुन्हा छेडलं, मग दुसरी तार, तिसरी. “आली!” ते ओरडले. “आली, आली! डोस्क्यात आली!” आणि वाजवायला लागले. कुठलं गाणं ते मला ओळखता आलं नाही, चाल नव्हतीच, खालची जमीन तेवढी होती. पण डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. मियाँ शेजारून धावत आले, बघितलं आणि स्वतःच्या कानामागच्या हाडावर बोट आपटत म्हणाले, “अगं, कानाचं दार बंद झालंय नुसतं. आतली मोटार चालू आहे यांची!”

काकू पुढे आल्या. त्यांना काय वाटलं कोण जाणे. गुडघ्यावर बसल्या, पदर सावरला आणि गिटारीच्या दुसऱ्या कडेला, जिथं मी मघाशी हनुवटी लावली होती तिथं, आपली टेकवली. तात्यांनी तारांवर हात ठेवून आवाज बंद केला. दोन म्हातारी माणसं, मधे ते मोठं लाकडी पोट, आणि दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर. ओरडायची सवय इतकी, की काकूंनी आधी मोठा श्वास घेतला. मग तो तसाच सोडून दिला.

“अवो,” त्या हळूच म्हणाल्या. शेजारी असून मला जेमतेम ऐकू आलं.

तात्यांच्या भुवया वर गेल्या. “काय गं?”

काकूंनी आमच्याकडे बघितलं नाही. त्या लाकडाशीच बोलल्या, “कटाळलाव का वो मला?”

बाहेर ट्रॅक्टर गेला, मागे एस. टी. गेली. आता हा माणूस सवयीनं काय म्हणेल, ते मला माहीत होतं.

तात्यांनी हनुवटी उचलली नाही.

“न्हाय,” ते म्हणाले.